विझागच्या बसथांब्यावर भेटलेले शिंदे

भटकभवानी

विशाखापट्टणमला, म्हणजे विझागला, जाऊन आलो असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: "अराकू केलं का?"

नाही केलं. अराकू म्हणजे तिथून रेल्वेने जायचं डोंगरातलं थंड हवेचं ठिकाण, त्या गाडीतल्या काचेच्या डब्याची तिकिटं मिळाली नाहीत. मिळाली असती तरी बोरा गुहांच्या पायऱ्या बाबांच्या गुडघ्यांनी चढू-उतरू दिल्या नसत्या. मग चार दिवस विझागमध्येच काढले. एरवी आपल्याकडची मंडळी एक संध्याकाळ आरके बीचवर कणीस खातात, पाणबुडीसमोर फोटो काढतात आणि सकाळी अराकूची गाडी पकडतात. आम्हीही तेच केलं असतं.

बाबांबद्दल थोडं सांगते, कारण हा धागा त्यांच्यामुळेच निघाला. वय ७४, मूळ गाव कोरेगाव तालुक्यात, जिल्हा सातारा. नोकरी एसटीत, कंडक्टर म्हणून. त्यामुळे कुठल्याही गावात गेले की आधी स्टँड बघायचा, मग देऊळ.

पहिल्या दिवशी 'कुरसुरा' पाहिली. १९६९ साली नौदलात आलेली, रशियन बांधणीची, डिझेलवर चालणारी पाणबुडी. २००१ साली निवृत्त झाली, वाळूवर ओढून आणली आणि २००२ पासून लोकांसाठी खुली आहे. लांबी ९१ मीटर. बाहेरून चांगली ऐसपैस वाटते, आत शिरलं की मात्र माणूस खांदे आवळूनच चालायला लागतो. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोकं आहेत. आधी एक पाय घालायचा, मग डोकं, मग उरलेला देह. बाबांना जमेल का अशी धास्ती होती. पण माहिती सांगणारे गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले. त्यांनी बाबांचा हात धरून "धीरे धीरे, सर, हम भी बुड्ढे हैं" म्हणत सगळे कप्पे पार करवले. टॉर्पेडोंच्या शेजारी झोपायचे बाक आहेत. बाकाची रुंदी एसटीच्या दोघांच्या सीटएवढी, हे माप बाबांनी वितीने घेतलं. ७५ माणसं, दिवसेंदिवस अंघोळ नाही, कारण गोडं पाणी फक्त पिण्यापुरतं. बाहेर आल्यावर बाबा बराच वेळ समुद्राकडे तोंड करून उभे होते. मग म्हणाले, "आपली रातराणी बरी."

समोर रस्त्यापलीकडे टीयू-१४२ विमान आहे. २९ वर्षं समुद्रावर गस्त घालून २०१७ साली निवृत्त झालेलं. पोरांना ते जास्त आवडतं. त्याच रस्त्यावर विशाखा म्युझियम आहे, एका जुन्या डच बंगल्यात. गर्दी नव्हती. तिथे १९४२ साली जपानने या शहरावर टाकलेल्या बॉम्बपैकी एक ठेवलाय. मी बघतच राहिले. जपानी विमानं म्हणजे फार तर कलकत्ता, इंफाळ, अंदमान, एवढंच माझ्या डोक्यात होतं. विझागवर ६ एप्रिल १९४२ रोजी बॉम्ब पडले, हे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता मुख्य किस्सा. तिसऱ्या दिवशी यारडा बीचला जायचं होतं. रिक्षावाल्याने सांगितलेला आकडा ऐकून बाबा सरळ आरटीसी कॉम्प्लेक्सच्या, म्हणजे तिथल्या बसस्टँडच्या, दिशेने चालू लागले. फलाटावर एक बस लागलेली आणि कंडक्टर ओरडतोय, "सिंधिया, सिंधिया, सिंधिया!" बाबा थबकले. मला म्हणाले, "शिंदे इथं कुठनं आले?"

मी म्हटलं, असेल सिंधी लोकांची वस्ती. नवरा म्हणाला, तेलुगूत काहीतरी वेगळा अर्थ असेल. बाबांना काही पटेना. बसमध्ये बसल्यावर त्यांनी कंडक्टरला आपण त्याच खात्यातले असल्याचं खुणांनी आणि मोडक्या हिंदीत पटवून दिलं. त्या भल्या माणसाने आम्हाला पुढची सीट दिली, पण 'सिंधिया' म्हणजे काय हे त्यालाही सांगता येईना. "सिंधिया मतलब सिंधिया. शिपयार्ड." बस्स.

बस बंदराच्या कडेकडेने जाते. एका बाजूला लांबच लांब भिंती, खनिजाची लाल-काळी धूळ, मालगाड्या. पुढे नौदलाची गोदी. नवऱ्याने खिडकीतून मोबाइल काढला आणि मागून चार जण एकदम ओरडले. तिथे फोटो काढायचे नाहीत, लक्षात ठेवा. सिंधियाला उतरलो. एक चौक, चहाच्या टपऱ्या, हिंदुस्थान शिपयार्डकडे जाणारे सायकलवाले आणि वर डॉल्फिन्स नोजचा डोंगर. बघण्यासारखं काही नाही. बाबांनी टपरीवर चहा घेतला आणि तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तो शिपयार्डमधूनच निवृत्त झालेला, हिंदी चांगलं बोलत होता. म्हणाला, "बॉम्बे का सेठ था, वालचंद. सिंधिया कंपनी उसका. शिपयार्ड उसने बनाया. जपानी ने बॉम्ब डाला, फिर भी बनाया."

बाबांचा चेहरा बघायला हवा होता. सोलापूर डेपोत सात वर्षं काढलेला माणूस, वालचंद म्हटल्यावर "अहो, आमचा सोलापूरचा!" असं मराठीतच ओरडले.

बाकीचं रात्री लॉजवर येऊन वाचलं. शिपयार्डची कोनशिला २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली, मालक सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. वर्षही झालं नाही तोच बॉम्ब पडले. पुढे सरकारने शिपयार्ड ताब्यात घेतलं, नाव बदललं. चौकाचं आणि बसच्या पाटीचं नाव तेवढं कोणी बदललं नाही.

यारडा बीच राहून गेला. बाबा म्हणाले, समुद्र सगळीकडे सारखाच असतो.

कोणी गेलंय का तिकडे? कोणाला अजून माहिती असेल तर लिहा. फोटो चढत नाहीयेत, प्रतिसादात टाकते.

---

सोलापुरी_चादर

ताई, आधी तुमच्या बाबांना दंडवत.

वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२, सोलापूर. आमच्याकडे त्यांचं नाव म्हणजे कॉलेज, पलीकडे वालचंदनगर म्हणजे साखर, एवढ्यावरच थांबतं. पण या माणसाने एकाच सुमारास बेंगळुरूला विमानाचा कारखाना (१९४०, आजचं एचएएल) आणि विझागला जहाजांचा कारखाना काढला. इंग्रज सरकारला दोन्हीत फारसा रस नव्हता. युद्ध चालू, जहाजांची टंचाई, तरी हिंदी माणसाने समुद्रात जाणारं जहाज बांधू नये अशीच एकूण वृत्ती. कलकत्त्याला जागेसाठी खटपट करून झाली, मग विझाग.

आणि शेवटी बांधलं. 'जल उषा', ८ हजार टनांचं. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. स्वतंत्र भारतात बांधलेलं पहिलं आधुनिक जहाज. १९५२ साली सरकारने दोन तृतीयांश वाटा घेऊन हिंदुस्थान शिपयार्ड केलं आणि १९६१ साली उरलेला. त्या भागाला गांधीग्राम म्हणतात, ते नावही त्याच काळातलं.

---

कोपऱ्यातलं_टेबल

छान लिहिलंय. पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही. कंपनी सोलापूरच्या वालचंदांची, मग नाव सिंधिया का? ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे पैसे होते का त्यात?

---

भटकभवानी

@कोपऱ्यातलं_टेबल, अगदी हेच बाबा परवापासून विचारतायत. मला वाटतं शेअर असतील. नक्की माहीत नाही.

---

जुनी_पावती

पैसे नाहीत, जहाज.

कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाचं प्रवासी जहाज होतं, १८९१ सालचं. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या महाराजांनी, म्हणजे माधवराव शिंद्यांनी, ते विकत घेतलं. हिंदी सैनिकांसाठी तरंगतं इस्पितळ करायचं म्हणून. नाव बदलून 'लॉयल्टी' ठेवलं. हे नाव कोणाला खूश करायला ठेवलं असेल ते सांगायला नको.

युद्ध संपलं, इस्पितळाची गरज संपली. १९१९ साली वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी ते जुनं जहाज घेतलं आणि कंपनी काढली. जहाज शिंद्यांकडून आलेलं म्हणून कंपनीला त्यांचं नाव. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. पी. अँड ओ.सारख्या बड्या इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस पाळतो, तो याचसाठी. जहाज मात्र म्हातारंच होतं, १९२३ साली मुंबईतच मोडीत निघालं.

आता तारखा बघा. ५ एप्रिल १९१९ला लॉयल्टी सुटलं, ६ एप्रिल १९४२ला शिपयार्डवर विमानं आली. मधे तेवीस वर्षं आणि एक दिवस.

---

भटकभवानी

जुनी_पावती, हे मी आत्ता बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांची पहिली प्रतिक्रिया जशीच्या तशी: "म्हणजे कण्हेरखेडचं नाव घेऊन ती बस रोज फिरतेय आणि कंडक्टरला पत्ता नाही!"

शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड. आमच्याच तालुक्यात. बाबांनी त्या रूटवर तिकिटं फाडलीयेत. दुसरी प्रतिक्रिया त्या कंडक्टरचा नंबर घेतला का, अशी होती. घेतला नाही. आता घरात माझं काही खरं नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

आम्ही नागपूरहून गेलो होतो दोन वर्षांमागं. तुमी लोक सारं पश्चिम महाराष्ट्राच्या खात्यात टाकून राह्यले म्हणून लिवतो. विझागचं बंदरच मुळात आमच्याकडच्या मालासाठी झालं. मध्य प्रांतातलं मँगनीज भाईर काढाले जवळचं बंदर नव्हतं. मुंबई दूर, कलकत्ता दूर. बंगाल नागपूर रेल्वेनं रायपूर-विजयनगरम् लाइन टाकली आन् १९३३ साली बंदर सुरू झालं. डोंगराच्या आड दलदल होती, ते उपसून आतलं बंदर केलं. तोंडापाशी लाटा अडवाले दोन जुनी जहाजं दगडानं भरून बुडवली होती म्हणे. बुडवलेल्या जहाजांवर उभं राह्यलेलं बंदर!

आन् जेवणाचं कोणीच काही बोललं नाही. गोंगुरा गोंगुरा करतात ते दुसरं काही नाही, आपली अंबाडी. पहिल्या घासाले माझ्या बायकोच्या डोळ्यात पाणी आलं. तिखटानं नाही, तिच्या मायच्या हातची आठवली म्हणून. बरं, तिखटानं बी.

---

निवृत्त_नाविक

उशिरा येतोय. मी पाणबुडीवाला नव्हे, जहाजावरचा. विझागमध्ये दोन वेळा मिळून सहा वर्षं काढली. आमच्या लेखी विझाग म्हणजे गाझी, आणि त्याबद्दल धाग्यात एक ओळही नाही, म्हणून लिहितो.

१९७१. विक्रांत, आपली विमानवाहू नौका, पूर्वेकडे आणलेली. तिच्या बॉयलरला तडा गेलेला, वेग कमी, पश्चिमेला पाकिस्तानी पाणबुड्यांच्या तोंडी देणं परवडणारं नव्हतं. पाकिस्तानकडे एकच लांब पल्ल्याची पाणबुडी, गाझी. कराचीहून थेट बंगालच्या उपसागरात येऊ शकणारी. ती विक्रांतच्या मागावर निघणार हे पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी ताडलं. त्यांनी विक्रांत गुपचूप अंदमानात पाठवली आणि विझागमध्ये ती असल्याचं सोंग उभं केलं. बाजारातल्या कंत्राटदारांकडे अवाढव्य रेशनची मागणी नोंदवली. मटण, भाजी, सगळं. एवढं कोण खाणार? विक्रांतच. 'राजपूत' नावाची जुनी विनाशिका बाहेर पाठवून तिच्यावरून विक्रांतच्या नावाने वायरलेस संदेश सोडले. त्यात एका नाविकाने आईच्या तब्येतीची चौकशी करणारी साधी तार, तीही सांकेतिक नसलेली! बंदरगावात हेर असतात आणि ते भाजीबाजारात कान देऊन असतात, हे धरूनच सगळी आखणी.

३ डिसेंबरच्या मध्यरात्री, म्हणजे ४ तारीख लागताना, राजपूत बंदराबाहेर पडली. पाण्यात संशयास्पद खळबळ दिसली, दोन डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले. थोड्या वेळाने मोठा स्फोट. आवाज शहरात ऐकू गेला. सकाळी कोळ्यांना तेलाचा तवंग आणि तरंगणाऱ्या वस्तू सापडल्या. त्याच दिवशी विक्रांतची विमानं कॉक्स बझारवर गेली.

आता वादाचा भाग. आपलं म्हणणं, राजपूतने बुडवली. त्यांचं म्हणणं, स्वतःच पेरलेल्या सुरुंगांमुळे किंवा आतल्या स्फोटाने गेली. बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो साठला तर ठिणगी पुरते, हा तिसरा तर्क. मी अनेकांशी वाद घालून थकलो. सापळा कृष्णन यांनी लावला होता आणि गाझी त्यात आली, एवढं कोणी नाकारत नाही. ती अजून तिथेच आहे, बंदराच्या तोंडापासून फार लांब नाही.

एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. राजपूत म्हणजे मूळची इंग्रजांची 'रॉदरहॅम', दुसऱ्या महायुद्धातली. गाझी म्हणजे मूळची अमेरिकनांची 'डायब्लो', १९४४ साली पाण्यात उतरलेली. दोघी एकाच बाजूने लढायला बांधलेल्या. दोघींची म्हातारपणी गाठ पडली ती विझागच्या दारात.

---

मेघना_दादर

वाचताना अंगावर काटा आला. एक बाळबोध प्रश्न, ४ डिसेंबरचा नौदल दिन गाझीसाठीच ना?

---

निवृत्त_नाविक

नाही. तो कराचीसाठी. ४ डिसेंबरच्याच रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. तारीख एकच पडल्यामुळे विझागकर ती आपलीच मानतात, आणि त्यांना कोणी अडवत नाही. आरके बीचवर 'व्हिक्टरी ॲट सी' स्मारक आहे, १९९६चं, तिथे त्या दिवशी पुष्पचक्र वाहतात.

---

किल्ले_मालवण

आणि २०२३चा नौदल दिन आमच्याकडे झाला होता, सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर! त्या दिवशी तारकर्लीला गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून मी चार किलोमीटर चाललोय, तेव्हा हा उल्लेख राहता कामा नये.

पाणबुड्यांवरून एक सुचलं. पहिल्या चार भारतीय पाणबुड्या कलवरी, खांदेरी, करंज आणि कुरसुरा. त्यातलं खांदेरी हे नाव अलिबागजवळच्या थळसमोरच्या किल्ल्याचं, महाराजांनी इंग्रजांच्या नाकासमोर बांधलेल्या. तीन बहिणी भंगारात गेल्या, कुरसुरा एकटी वाळूवर उभी आहे.

---

पेन्शनर_पार्ले

भंगाराचा विषय निघालाच आहे तर बोलतो. विक्रांत, जिच्यासाठी एवढं रामायण झालं, ती आपल्या मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. नातवाला घेऊन मी दोनदा पाहिली. २०१४ साली भंगारात विकली. तेव्हा सगळे हळहळले, वर्तमानपत्रांत पत्रं आली, आणि मग विसरले. विझागसारख्या शहराला दीड-दोन हजार टनांची पाणबुडी वाळूवर ओढून आणून वीस वर्षं सांभाळता येते. आपल्याला एवढ्या श्रीमंत शहरात एक जहाज ठेवता आलं नाही.

---

कोपऱ्यातलं_टेबल

काका, पाणबुडी आणि विमानवाहू जहाज यांत फरक आहे. विक्रांत वाळूवर ओढता येत नाही. पाण्यात ठेवली की तळ गंजतो, दर काही वर्षांनी गोदीत घ्यावं लागतं, खर्च कोटींत. भावना समजतात, पण हिशोब वेगळा.

---

पेन्शनर_पार्ले

हिशोब मलाही कळतो, चाळीस वर्षं ऑडिटमध्ये काढली. हिशोब न जुळणाऱ्या कितीतरी गोष्टींवर हे शहर रोज खर्च करतं. ते असो. धाग्याचा आखाडा करत नाही.

---

गाजुवाकाकर

नमस्कार. स्टील प्लांटमध्ये नोकरीला म्हणून आलो, २६ वर्षं झाली. घरात मराठी, दारात तेलुगू. सिंधिया चौकातून हजारदा गेलो असेन आणि हे नाव कुठून आलं असा प्रश्न एकदाही पडला नाही. ताई, तुमच्या बाबांना आमच्या घरी जेवायला बोलवायचं राहून गेलं याचं वाईट वाटतंय.

थोडी भर घालतो. १९४२च्या त्या दिवशी जपानच्या 'र्युजो' या छोट्या विमानवाहू जहाजावरून विमानं आली होती. विझागवर आणि इकडे काकीनाड्यावर. आदल्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, दुसऱ्या मोठ्या ताफ्याने कोलंबोवर हल्ला केला होता. विझागचं नुकसान त्या मानाने कमी झालं, पण गाव रिकामं झालं. जपानी उतरणार अशी आवई उठली आणि लोक बैलगाड्या जोडून आतल्या खेड्यांकडे गेले. आमच्या जुन्या घरमालकांच्या आई तेव्हा लहान होत्या. त्या सांगायच्या, "देव्हाऱ्यातले देव पदरात बांधले आणि जातं तिथंच राहिलं." आंध्र युनिव्हर्सिटीसुद्धा गुंटूरला हलवली, परत यायला १९४६ उजाडलं.

त्या काळातले काँक्रीटचे मोर्चे अजून किनाऱ्यावर आहेत. त्यांना इथे पिलबॉक्स म्हणतात. जाड भिंती, बंदुकीपुरती आडवी फट. जालारिपेटाच्या बाजूला वाळू सरकली की एखादा वर येतो, पुन्हा बुजतो. जालारिपेटा ही कोळ्यांची वस्ती. एकात पोरं क्रिकेटच्या स्टंपा ठेवतात, हे मी पाहिलंय.

आणि कृपा करून आरके बीचवर पाण्यात उतरू नका. सपाट दिसतो, ओढ भयंकर आहे. दरवर्षी माणसं जातात. पाय भिजवा, मुंता मसाला खा (चुरमुऱ्याची भेळ म्हणा, पण वर उकडलेलं अंडं हवं तर मागा), पोहायचं असेल तर दुसरीकडे.

---

चिंगी

मुंता मसाला!! बाकी इतिहास वगैरे ठीके, हे कुणी आधी का नाही सांगितलं? ;)

---

जुनी_पावती

गाजुवाकाकर, त्या आजींचं जातं फार दिवस डोक्यात राहील.

विझागच्या युद्धांची यादी १९४२ पासून सुरू होत नाही, हेही नोंदवून ठेवतो. १५ सप्टेंबर १८०४ रोजी याच बंदरासमोर फ्रेंच ॲडमिरल लिन्वाने इंग्रजांच्या 'सेंच्युरियन'वर हल्ला केला होता, नेपोलियनच्या काळात. त्याआधी १७५७ साली फ्रेंच सेनापती बुसीने गाव जिंकलं होतं. मधे १७८० साली इथल्या शिपायांनी जहाजावर चढायला नकार देऊन बंड केलं. १८५७च्या सत्त्याहत्तर वर्षं आधी. जुन्या गावात युरोपियन लोकांची जुनी दफनभूमी आहे, आणि उत्तरेला भीमिली गावात डचांची. थडग्यांवरचे दगड वाचत एक दुपार सहज जाते. ज्यांना असल्या गोष्टींत रस नाही त्यांनी तिकडे फिरकू नये, मागाहून मला शिव्या घालतील.

---

मेघना_दादर

एक मनातलं लिहू का? गाझीत नव्वदहून जास्त माणसं होती ना? ती अजून तिथेच, किनाऱ्यापासून एवढ्या जवळ. आपण वर भेळ खातोय. मला कळत नाही याचं काय करायचं.

---

निवृत्त_नाविक

मेघनाताई, पाण्यातल्या माणसाला आमच्यात शत्रू म्हणत नाहीत. ती खलाशांची कबर आहे, एवढं आम्ही मानतो. तुम्ही भेळ खा. ती खाणारी माणसं तिथे असावीत म्हणूनच तो सगळा खटाटोप होता.

---

भटकभवानी

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मूळ लेखात रॉस हिल राहून गेली. जुन्या गावात बंदराच्या तोंडाशी तीन टेकड्या आहेत, एकीवर मेरीमातेचं चर्च, एकीवर दर्गा, एकीवर व्यंकटेश्वर. आम्ही दोघं चर्चच्या टेकडीवर चढलो, बाबा खाली चहाच्या टपरीवर. वरून बंदरात शिरणारी अरुंद वाट दिसते, पलीकडे डॉल्फिन्स नोजचा कडा. आम्ही होतो तेव्हा एक प्रचंड मालवाहू जहाज ओढून नेणाऱ्या टगबोटींच्या मधून इंचाइंचाने आत येत होतं, इतकं जवळून की डेकवर वाळत घातलेला निळा टॉवेल दिसत होता. निवृत्त_नाविकांचं वाचल्यावर कळतंय की राजपूत बाहेर पडली ती याच चिंचोळ्या वाटेने, रात्रीच्या अंधारात. आधी माहीत असतं तर अजून थोडा वेळ थांबलो असतो.

---

सुशीला_काकू

फार छान माहिती. आम्ही सहा जणी (सगळ्या साठीपुढच्या) पुढच्या महिन्यात जातोय. कुर्ल्याहून गाडी आहे, पुणे-सोलापूर-सिकंदराबादमार्गे. सोमवारी पोचतो, संध्याकाळपर्यंत विझाग, मंगळवारी पहाटे अराकू. तेव्हा सोमवारी दुपारी पाणबुडी उरकून घ्यावी असा बेत आहे. दोघींचे गुडघे खराब आहेत, जमेल ना?

---

गाजुवाकाकर

काकू, गुडघ्यांचं जमवता येईल. पण कुरसुरा सोमवारी बंद असते.

---

सुशीला_काकू

अरे देवा. तिकिटं काढून झालीयेत.

---

भटकभवानी

काकू, मग सोमवारी आरटीसी कॉम्प्लेक्सला जा आणि सिंधियाची बस धरा. कंडक्टर उंच आहे, मिशा आहेत, पुढची सीट देतो. मिळाला तर नंबर घ्या, बाबांना बोलायचंय.